बारीक सुई

बुधवार, ११ जुलै २००७

सुयांचं नवं खोकं आलं एकदाचं! तीस नंबर. सुयांच्या नंबरांचा कारभार उलटा असतो — नंबर वाढला की सुई बारीक. आजवर सव्वीस नंबर वापरत होते. ती जाड. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जाताना हाताला कळते, जरा अडते, मग शिरते. तीस नंबर गेली तरी पत्ता लागत नाही. लताबाईंनी (माझ्या ऑपरेशन थिएटरातल्या मावशी) एक सुई उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही आत मोडायची नाही ना, मॅडम?" अगदी पेशंटच्या डोक्याशी उभं राहून! तो बिचारा टेबलावर ताठ झाला. कितीदा सांगितलंय, थिएटरात मनातलं मनात ठेवा म्हणून.

डोळ्याच्या आत इंजेक्शन द्यायला लागून नाशिकात फार दिवस झाले नाहीत. पूर्वी पडद्याला सूज आली की लेझर मारायचं, नाहीतर गप्प बसायचं. आता औषध आहे. पण डोळा म्हणजे बंद गोळा. आत थेंबभर घातलं तरी प्रेशर वाढणारच. जाड सुई बाहेर काढली की तिच्या भोकातून थोडं पाणी परत येतं, प्रेशर उतरतं. पण त्याबरोबर औषधही जातं का? देव जाणे. शिवाय दुखतं जास्त. बारीक सुईचं भोक लगेच मिटतं. औषध सगळं आत — आणि प्रेशरही सगळं आत. फार चढलं तर पडद्याचं रक्त थांबतं, माणसाला मिट्ट काळोख दिसतो. बहुतेक वेळा आपोआप उतरतं. नाही उतरलं तर बुबुळाच्या कडेला पुढून दुसरी सुई घालून थेंबभर पाणी काढायचं. उशीर केला तर नजर गेली.

म्हणून इंजेक्शन झालं रे झालं की बोटं दाखवायची. किती? दिसली की प्रश्न मिटला.

दोन्ही सुयांची तुलना करणार आहे. आलटूनपालटून. प्रत्येकाचं प्रेशर मोजणार, लगेच आणि थोड्या वेळाने. डोळ्यावर ठेवून प्रेशर मोजायचं जुनं वजनाचं यंत्र आहेच कपाटात. इथे कोणी केलेलं नाही. मी करणार!

१२ जुलै

शेखर म्हणतो, जेवताना सुयांचं बोलू नकोस. मग काय बोलू? त्याच्या बँकेतल्या बदल्यांबद्दल?

बुधवार, १८ जुलै

सायखेड्याच्या साळूबाई आल्या. सून मैना बरोबर. फुलशेती आहे, शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. मळा मुलगा आणि सून बघतात, विकायला या स्वतः फूलबाजारात बसतात. डावा डोळा काचबिंदूने कधीचाच गेलेला. उजव्यात आता शीर तुंबली आहे, पडद्याला सूज. म्हणजे आहे तो एकच डोळा, आणि त्यातही काचबिंदूचे ड्रॉप चालू. असा डोळा समोर आला की माझा हात घाबरतो. कोणाला सांगत नाही, इथे लिहिते.

प्रेशर वाढून चालणारच नव्हतं, म्हणून जाड सुई. पाणी थोडं परत आलं, प्रेशर छान राहिलं. पण बाईंनी हिसका दिला. वरची बारीक रक्तवाहिनी फुटली. पांढरा भाग लालभडक! दिसायला भयंकर, तसं काही नसतं. मैनाला समजावलं, आठ-पंधरा दिवसांत जाईल. ती मान डोलवत होती. ऐकत होती का, शंका आहे.

३ ऑगस्ट

मैना एकटीच आली. सासूबाई पुन्हा इंजेक्शनला येणार नाहीत म्हणाली. का? तर बाजारात बोंब झाली, साळूबाईचे डोळे आलेत! गिऱ्हाईक लांबूनच वळून जायला लागलं. त्र्यंबकेश्वरच्या देवळापाशी हार विकणारा त्यांचा नेहमीचा दुकानदार म्हणाला, मावशी, डोळे आलेल्याच्या हातची फुलं देवाला कशी चालतील? बाई घरी बसल्या. टोपल्या मळ्यातच सुकल्या.

मी म्हटलं, अगं, डोळे आलेले नाहीत, रक्त आहे ते! मैना म्हणाली, "मॅडम, आमी सांगून भागलो. लोक डोळ्याकडं बघत्यात, तोंडाकडं कुनी बघत नाय."

बरोबर आहे तिचं. राग आला तरी बरोबर आहे.

बुधवार, ८ ऑगस्ट

वणीच्या धोंडीरामना बारीक सुई दिली. किती बोटं? "काय नाय दिसत." थांबले. आता? "नाय." आवाज चढला. डोळा बोटाला दगड लागत होता. पुढून सुई घातली, थेंब काढला. काय ओरडले! दुखलं नसणार — भूल होती — पण सुई समोरून येताना दिसते ना! अंधार फाटून पहिली दिसते ती सुईच.

"आता किती?"

"दोन, दोन! सोडा मला!"

दार नीट लागलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर एकदम चिडीचूप. लताबाई म्हणाल्या, "पुढच्याची पाचावर धारण बसली." पुढची बाई खरंच उठून निघाली होती. चहा पाजून परत बसवली. तिला बोटं दाखवायच्या आत म्हणाली, दिसतंय.

बुधवार, ५ सप्टेंबर

साळूबाई आल्या! सूज परत वाढली, शेवंतीचा रंग कळेना झाला, म्हणून आल्या. पण अट घालून.

"बारीक सुई हाय म्हनं तुमच्याकडं. तीच द्या. नायतर मी चालले."

"मावशी, तुमचा काचबिंदू आहे. बारीकने प्रेशर चढतं."

"चढू द्या. डोळा लाल झाला तर बाजार बसतो माझा. आतलं काय ते तुमी बघा, बाहेरचं मला बघावं लागतं."

आधी गोळी दिली, ड्रॉप घातले, डोळा जरा मऊ करून घेतला. मग बारीक सुई, हळूहळू. हूं की चूं नाही. बोटं दाखवली. "दोन!" लगेच. वजनाचं यंत्र ठेवलं — प्रेशर पन्नासाच्या वर (एरवी विशीच्या आत असतं)! आणि बाई बोटं मोजतेय! थोड्या वेळाने प्रेशर आपोआप उतरलं. डोळा पांढराशुभ्र. जाताना मैनाला म्हणाल्या, "बघ, आता कोन काय बोलतंय ते." मला हसू आलं. बरं वाटलं.

१० ऑक्टोबर

आकडे मांडले. बारीक सुई — दुखणं कमी, रक्त नाही, औषध परत येत नाही. प्रेशर मात्र सणकून चढतं. जाड सुईपेक्षा कितीतरी जास्त. आणि तरीही! धोंडीरामनंतर एकालाही काळोख दिसलेला नाही. डोळा दगड झाला तरी बोटं दिसतात. नाशिक जिल्ह्याचे डोळे भलतेच दणकट!

मग प्रेशर मोजून उपयोग काय? ते यंत्र डोळ्यावर ठेवलं की पेशंट घाबरतो, वेळ जातो. बोटं विचारली की झालं. यंत्र आजपासून कपाटात.

रविवार, ९ डिसेंबर

डोळ्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत बोलले. हॉटेलचा हॉल, मागे कोणाचं तरी बारसं चाललेलं, त्यांचा माइक आमच्यापेक्षा चांगला. तरी सगळ्यांनी ऐकलं. मी सांगितलं, बारीक सुई वापरा. लगेचच्या प्रेशरचा बाऊ करू नका. बोटं मोजता आली की पेशंट सोडा.

टाळ्या पडल्या. आवडल्या! कशाला नाही म्हणू? पिंपळगावचा कुंदन भेटला. पूर्वी काही महिने माझ्या हाताखाली होता, आता तिकडे स्वतःचं हॉस्पिटल आहे. म्हणाला, "मॅडम, उद्यापासून बारीकच. मी उगाच प्रत्येकाचं प्रेशर बघत बसायचो." पाठ थोपटली त्याची.

बुधवार, १६ जानेवारी २००८

साळूबाईंना पुन्हा इंजेक्शन. बारीक. "दोन!" आता सरावल्या आहेत, स्वतः टेबलावर चढतात, लताबाईंना फुलं आणतात.

एक गोष्ट जुळत नाही. पडद्याची सूज उतरली आहे. नजर त्या मानाने वाढली नाही. मैना म्हणते, घरात बादल्यांना ठेचकाळतात. नजरेची नस पाहिली, जरा फिकी वाटली. काचबिंदू पुढे सरकतोय बहुतेक. ड्रॉप वाढवले.

बुधवार, १३ फेब्रुवारी

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

थिएटरात सकाळपासून उभी होते. पाय दुखले म्हणून बाहेर पेशंटच्या बाकावर येऊन टेकले. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. बाकावरच्या बायकांनाही टोप्याच घातलेल्या असतात. ड्रॉप घालून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केलेल्या, सगळं धुरकट दिसत असतं. मी डोळे मिटून बसले. शेजारी साळूबाई. मला कोपर मारून म्हणाल्या,

"पयलीच खेप का?"

मी हं म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"भ्यायचं नाय. सुई कळत बी नाय. मग मॅडम इचारतील, किती बोटं. दोन म्हनायचं. लगीच म्हनायचं."

मी आवाज घोगरा करून विचारलं, "आणि नाही दिसली तर?"

"दिसत नसत्यातच! काळं ठिक्कर पडतं. पन दोन म्हनायचं. मॅडम दुसरी बोटं दाखवतच नायत. नाय दिसत म्हनलं की पुढून सुई खुपसत्यात. वनीच्या एका बाप्याला खुपसली, लय वरडला. तवापासून आमी सगळ्यांस्नी सांगतो. वाईच दम धरला की उजाडतं आपलं आपन. औषध चढत असतं ते."

पलीकडची म्हणाली, "व्हय, मलाबी सायखेड्याच्या मावशींनीच सांगितलं." तिच्या पलीकडची म्हणाली, मलाबी.

मी उठले. आत गेले. हात धुवायला लागले ते धूतच राहिले. लताबाई म्हणाल्या, मॅडम, पाणी संपेल.

पुढचा नंबर साळूबाईंचाच. माझ्यापुढे दोन सुया. जाड दिली तर हिसका, रक्त, बाजार. बारीक दिली तर काळोख — जो त्या गेले कित्येक महिने माझ्यासमोर पडून गुपचूप सोसत होत्या! शेवटी बारीकच घेतली, पण आधी पाणी काढायचं हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

इंजेक्शन झालं. मूठ दाखवली. एकही बोट नाही.

"दोन!"

डोळा दगड. थांबले, पुन्हा मूठ. "दोन, म्हनलं ना!" मी म्हटलं, मावशी, मी मूठ धरली आहे. पुढून सुई घातली. हातपाय झाडले, लताबाईंनी धरलं. थेंब आला आणि नजर आली. मला म्हणतात काय —

"बाकावर तुमीच बसला व्हता! आवाज वळखला आता. चोरून ऐकलं व्हय? डॉक्टरीन हाय का पोलीस?"

त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी झटकला.

१४ फेब्रुवारी

आठवून पाहिलं. दोनच. कायम दोनच बोटं दाखवली आहेत. डाव्या हातात कापूस धरलेला असतो, उजव्या हाताची पहिली दोन वर करते. तीन करायला आणखी एक बोट उचलावं लागतं. एवढ्या आळसापायी!

आधी त्यांचा राग आला. अडाणी कुठल्या, स्वतःच्या डोळ्याशी खेळतात! मग माझा आला. तो उतरायला तयार नाही. साळूबाईंची नस काचबिंदूने फिकी झाली की माझ्या 'दोन'ने? किती वेळ काळोखात पडून राहत होत्या? कोण सांगणार! आणि हे दणकट डोळ्यांचं संशोधन मी टाळ्या घेऊन वाटून आले आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी

बोटं बंद. यंत्र कपाटातून बाहेर. काचबिंदू असेल त्याला जाड सुई. बारीकच हवी असेल तर आधी पुढून थेंबभर पाणी काढायचं, मग औषध घालायचं. म्हणजे औषधाला जागा होते, प्रेशर फार चढत नाही. आणि सुई झाली की फक्त विचारायचं, काय दिसतंय?

गोंधळ उडाला. एक बाबा म्हणाले, "काय म्हनायचं असतं?" म्हटलं, दिसेल ते. म्हणाले, "सगळं दिसतंय." सगळं म्हणजे काय? बराच विचार करून, "मॅडम." मी त्यांच्या डोक्यामागे उभी होते.

दुपारी एक बाई म्हणाली, "काळं दिसतंय, बाई." मी घाबरले — आणि त्याच वेळी बरंही वाटलं! खरं बोलली. तिला सांगितलं, थांबू, मी इथेच आहे. तिचा हात धरून बसले. उजाडलं आपोआप. म्हणाली, "तुमच्या पाठीमागं दिवा हाय. निळा."

हे आधी का नाही केलं?

५ मार्च

मैनाचा फोन. सासूबाईंना आता पिंपळगावला नेणार. सायखेड्याहून जवळ पडतं. तिथे बारीक सुई आहे, लगेच सोडतात, आणि — जरा थांबून — "तिथं बोटंच इचारतात म्हनं."

पिंपळगाव म्हणजे कुंदन.

मैनाला म्हटलं, सासूबाईंना सांग, दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचं. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव काढलं तरी त्या भडकत्यात. त्यांचं म्हननं, मॅडमनी मला चोरावानी पकडलं."

शेखरला सांगितलं. "कुंदनला फोन कर," म्हणाला. मी म्हटलं, सोडून गेलेल्या पेशंटसाठी दुसऱ्या डॉक्टरला फोन केला की काय अर्थ होतो माहीत आहे? मॅडमचे पेशंट पळतायत, मॅडम मागे धावतायत. शेखर म्हणाला, "अर्थ गेला खड्ड्यात." त्याला काय जातंय बोलायला.

रविवार, ९ मार्च

महिन्याची बैठक. उठून बोलायचं ठरवून गेले होते. डिसेंबरमध्ये मी जे सांगितलं ते चूक होतं, एवढंच. एका वाक्याचं काम. कोणी मोतीबिंदूवर बोललं. मग दोघांनी आभार मानले. मग जेवणाची रांग लागली. कुंदन आलाच नव्हता. गुलाबजाम खाऊन परत आले.

लाज वाटते. गुलाबजाम दोन वेळा घेतले, याचीही.

१२ मार्च

कुंदनला फोन केला. एकदा वाजला, ठेवून दिला.

१६ मार्च

पुन्हा केला. थिएटरात आहेत म्हणाले. निरोप ठेवू का? नको म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

लताबाई फोन घेऊन थिएटरात आल्या. कुंदन. आवाज फाटलेला.

"मॅडम, तुमच्याकडच्या साळूबाई. तुमच्याच पद्धतीने केलं. बारीक सुई, प्रेशर बघितलं नाही, बोटं विचारली, बरोबर सांगितली. पण टेबलावरून उतरताना पायरी चाचपडतायत. डोळा दगड लागतोय. दिसतंय म्हणतात! पुढून सुई घालू देत नाहीत, सूनही नको म्हणतेय. दहा-पंधरा मिनिटं झाली."

"फोन त्यांच्या कानाला लाव."

नुसता श्वास ऐकू येत होता.

"मावशी, मी नाशिकची मॅडम. चुकलं माझं. तेव्हाही, आताही. मी इथून बघू शकत नाही. तुम्ही सांगाल तेच मला कळणार. काय दिसतंय?"

त्या रडायलाच लागल्या. "काय सुदिक दिसत नाय वो, मॅडम. लय भ्या वाटतंय."

"आता कुंदन सुई घालेल. घालू द्या. मी फोन ठेवत नाही."

घातली. मी इकडे टेबलाची कड धरून उभी. माझा पेशंट टेबलावर झोपलेला, तोही ऐकत होता. तिकडून काहीच आवाज नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग लांबून, साळूबाई —

"डॉक्टर, चष्मा वाकडा बसलाय तुमचा."

मी ओरडून विचारलं, "कुंदन! खरंच वाकडा आहे का?"

"हो मॅडम," तो म्हणाला. "काडी तुटली आहे."